छापखाना चालवतेय, सगळं एकदम बदलतंय आणि झेपेनासं झालंय. काय धरू, काय सोडू?

शाईवाली

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. मोठं झालंय, सांभाळून घ्या.

कराडच्या बाजूला आमचा लहान छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडलवर (जुन्या खिळ्यांच्या छपाई मशीनवर) सुरू केला, खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हापासूनचा, मग प्लेटवरून छापणारी मिनी ऑफसेट आली. आता मशीन नवरा बघतो आणि काउंटर, डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणं), प्रूफं, हिशेब, उधारीची वसुली हे माझ्याकडे. एक मशीनमन आणि बाइंडिंगला एक मावशी, एवढंच मनुष्यबळ. आधी वर्षाचं चक्र कसं ठरलेलं होतं, तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू, डिसेंबरात कॅलेंडरवर दुकानदारांच्या नावाच्या पट्ट्या, मार्च-एप्रिलला बिलबुकं, जूनला क्लासवाल्यांची हँडबिलं, आणि चातुर्मासात जरा श्वास घ्यायला मिळायचा, तेव्हा रोलर बदलणं वगैरे कामं उरकायची.

ते चक्रच मोडलंय. जी घरं सात-आठशे पत्रिका छापायची ती आता शंभर घेतात, एक कुलदेवतेपुढे ठेवायला, बाकी भाऊबंदांना आणि मानाच्या पाहुण्यांना, उरलेल्या सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर. बरं, शंभर छापल्या म्हणून मेहनत कमी होते का, तर नाही, उलट वाढलीय! मजकूर माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यांनी येतो, काही टाइप केलेला, काही कागदाचा फोटो, काही व्हॉइस मेसेज. प्रूफ पाठवलं की ते त्यांच्या घरच्या ग्रुपवर जातं आणि मग मुलाच्या काकांचं नाव आत्यांच्या यजमानांच्या खाली का, प्रमुख उपस्थितीत सरपंच आधी की चेअरमन आधी, "किलबिल"मध्ये पुण्याच्या नातवाचं नाव राहिलं, असं रात्री अकरा-साडेअकरापर्यंत चालू. प्लेट मशीनवर चढल्यावर मामांचा फोन येतो की मुहूर्ताची वेळ बदललीय.

बिलबुकांचं काम निम्म्यावर आलंय, दुकानदार कॉम्प्युटरवर बिलं काढतात. दुसरीकडे भाचा म्हणतो डिजिटल मशीन घ्या कर्ज काढून, फ्लेक्स सुरू करा, मग-टीशर्ट छापा, इन्स्टावर पेज काढा, रील टाका. त्यात जीएसटीचं, त्यात दोन संस्थांकडे अडकलेली उधारी. काम आहे, नाही असं नाही, पण सकाळी शटर उघडलं की आधी कशाला हात लावू हेच कळत नाही, आणि रात्री झोप लागत नाही, फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटतो. बदलायला माझा विरोध नाहीये हो, नवऱ्याचाही नाही. पण एकाच वेळी किती बदलायचं? जे यातून गेलेत त्यांनी सांगा.

---

जुना_कंपोझिटर

ताई, तुमचं वाचून आमचे दिवस आठवले. मी पुण्यात शनिवार पेठेत खिळे जुळवायचं काम करायचो, डीटीपी आलं तेव्हा आमच्या हातातलं काम गेलं. नंतर मी त्याच डीटीपीवर मुद्रितशोधन करून निवृत्त झालो. कंपोझिंग गेलं पण ऱ्हस्व-दीर्घाची नजर होती ती नवीन कामात उपयोगी पडली.

एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईत गणपत कृष्णाजी या मुद्रकांनी एकोणिसाव्या शतकात छापील पंचांग काढलं, तेव्हा सोवळ्यातली माणसं छापील कागदाला हात लावायला तयार नव्हती कारण शाईत चरबी असते म्हणून. त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. म्हणजे बघा, तंत्र बाहेरचं घेतलं पण गिऱ्हाईक कशाला अडतंय ते ओळखून नेमकं तेवढंच बदललं. आपल्याकडे छपाई अशी रुजलीय.

तुमच्या गिऱ्हाइकाची अडचण काय आहे ते तुम्हीच लिहिलंय, नाती आणि मान. कुणाचं नाव कुठे घ्यायचं, चि. सौ. कां. कुणाला लावायचं, वडील नसतील तर "आपले नम्र" मध्ये कोण, हे मोबाइल अॅपला कळत नाही. ते तुम्हाला कळतं.

---

नाशिककर_डिजिटल

मी डिजिटल मशीन घेतलेला माणूस आहे त्यामुळे अनुभवाचं बोलतो, भाच्याचं ऐकून लगेच सही करू नका.

सिंगल कलर मिनी ऑफसेटवर चार कलरची पत्रिका म्हणजे चार प्लेटा आणि चार वेळा कागद फिरवणे, रजिस्टर जुळेपर्यंत (चारही रंग नेमके एकावर एक बसेपर्यंत) वाया जाणारा कागद वेगळा, शंभर नगाला ते परवडतच नाही, इथपर्यंत भाचा बरोबर आहे. शंभर पत्रिका हे डिजिटलचंच काम. पण मशीन स्वतःचं असावं असं कुठे आहे? आमच्याकडे आसपासचे बरेच छापखाने शीट काढायला येतात. फाइल पाठवतात, आम्ही 300 जीएसएमच्या जाड कागदावर प्रिंट देतो, कटिंग आणि क्रीझिंग (घडीची रेघ पाडणं) ते त्यांच्याकडे करतात आणि मार्जिन त्यांचंच.

स्वतःचं घेतलंत तर हप्ता हा फक्त सुरुवातीचा खर्च. क्लिक चार्ज आहे, म्हणजे प्रत्येक प्रिंटला मीटर पडतो, एसी लागतो, व्होल्टेज स्थिर लागतं आणि पावसाळ्यात कागद दमट झाला की जॅम. तुमच्याकडे वीज कशी आहे ते बघा. आधी वर्षभर बाहेरून शीट काढा, महिन्याला किती ए3 शीट होतात ते वहीत लिहा, लग्नसराईचा महिना धरून हिशेब करू नका, श्रावणातला महिना धरा. त्या महिन्यातसुद्धा हप्ता आणि क्लिक निघत असेल तरच मशीनचा विचार.

फ्लेक्समध्ये तर आता पडूच नका, गल्लोगल्ली झालेत, भाव पार पडलेत.

---

सुईदोरा

शाईवाली ताई, मी छपाईतली नाही, सांगलीत ब्लाउज शिवते, तीन मुली हाताखाली आहेत. रात्री अकराच्या मेसेजबद्दल लिहिलंत ना, ते वाचून राहवलं नाही.

माझंही अगदी हेच होतं. गळ्याचा फोटो रात्री, "ताई हाच गळा पण बाही जराशी मोठी" सकाळी, आणि दुपारी तिसराच फोटो. मग मी दुकानासाठी वेगळा नंबर घेतला, बिझनेस व्हॉट्सअॅप टाकलं, त्यात आपोआप उत्तर जायची सोय आहे, "दुकान सकाळी 10 ते रात्री 8, मेसेज मिळाला, उद्या बघते". तो फोन दुकानातच चार्जिंगला राहतो. बायका चिडतील असं वाटलं होतं पण कुणी काही बोललं नाही, ज्यांना घाई असते त्या दुकानात येतात.

आणि झोपेचं हलक्यात घेऊ नका. आठ-पंधरा दिवस झोपच नाही, छातीत धडधड, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलीमानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलतात, माझ्या बहिणीने लावला होता फोन. कामाचं नियोजन आपण करूच पण शरीर थकलेलं असलं की साधा निर्णयसुद्धा होत नाही हो.

---

खतावणी

मी कर सल्लागार आहे, फक्त माझ्या भागाचं लिहितो.

1) तुमची उलाढाल 5 कोटींच्या आत असणारच, तर क्यूआरएमपी (जीएसटीचे रिटर्न तिमाहीला भरायची योजना) घेतलंय का बघा. जीएसटीआर-1 आणि 3बी हे रिटर्न तिमाहीला एकदा भरायचे, मधल्या दोन महिन्यांत फक्त कर भरायचा 25 तारखेपर्यंत. दर महिन्याची धावपळ जाते. कंपोझिशन (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची योजना) सोपं दिसतं पण तुमची गिऱ्हाइकं कारखाने, दुकानदार असतील तर त्यांना तुमच्या बिलावरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, ती दुसरीकडे जातात. त्यामुळे तुमच्या सीएंना विचारूनच.

2) उधारी. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आज करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. 2023-24 पासून आयकरातही 43बी(एच) आलं, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि "देय मुदत 15 दिवस" छापा, छापखाना तुमचाच आहे. मार्च जवळ आला की समोरच्याचा अकाउंटंटच फोन करतो, हे मी पाहिलंय.

---

शाईवाली

@खतावणी दादा, उद्यम आहे, पण बिलावर कधी छापलंच नव्हतं, कुणी सांगितलंच नाही हो. एक संस्था स्थानिकच आहे, तिथले लोक रोज रस्त्यात भेटतात, व्याज मागितलं तर पुढचं काम जाईल अशी भीती वाटते.

@नाशिककर दादा, शीट बाहेरून काढायची कल्पना पटली. कराडातच एक जण आहे, त्याच्याकडे चौकशी करते.

@जुना_कंपोझिटर काका, तुमची पोस्ट सासऱ्यांना वाचून दाखवली, फार खूश झाले.

---

खतावणी

व्याज मागूच नका ताई. मुदत छापा आणि दर महिन्याच्या 1 तारखेला खातेउतारा पाठवा, एवढंच. पाठवणारा माणूस रोज रस्त्यात भेटणारा नसावा, म्हणजे तुमचे यजमान किंवा तुम्ही नाही, उतारा ऑफिसच्या ईमेलवरून जाऊ दे. मागण्यातला संकोच त्याने बराच जातो.

---

सरळसोट

जरा कडू बोलतो. पत्रिका छपाई पाच-सात वर्षांत संपणार. माझ्या मुलाच्या लग्नात आम्ही एकही छापली नाही. भावना बाजूला ठेवा, मशीनला अजून किंमत येतेय तोवर विका, मोक्याची जागा असेल तर भाड्याने द्या आणि निवांत राहा. प्रत्येक बदलाच्या मागे धावलंच पाहिजे असं कुठे आहे.

---

नाशिककर_डिजिटल

@सरळसोट, तुमच्या घरी नसेल छापली पण गावाकडे पत्रिका हातात देऊन आमंत्रण केल्याशिवाय माणूस लग्नाला येत नाही, आजही. 2020 ला पन्नास माणसांची मर्यादा होती आणि 2021 च्या एप्रिलात तर पंचवीस, तेव्हा सगळे म्हणाले पत्रिका संपली. संपली नाही, नग कमी झाले आणि एका नगाला पैसे मोजायची तयारी वाढली. शंभरच छापायच्यात म्हणून लोक चांगला कागद मागतात, फॉइल मागतात.

आणि चार घरं ज्यावर चालतात ते दुकान बंद करा हे सांगणं सोपं आहे.

---

सरळसोट

तसं म्हणायचं नव्हतं. त्यांना झेपत नाहीये म्हणून लिहिलं, तब्येतीपेक्षा धंदा मोठा नाही.

---

मुलीकडची_आई

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. मागच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न झालं. छापखान्यात पत्रिका छापल्या आणि व्हॉट्सअॅपसाठीची वेगळीकडून करून घेतली, अॅपवरून, तर त्यात "आशीर्वाद" चुकलेला, गणपतीच्या श्लोकात चूक, "ल" आणि "श" हिंदीसारखे दिसत होते, सासरेबुवांनी लगेच बोट ठेवलं. छापखान्यावाल्यांनी "मोबाइलची पण आम्ही देतो, तोच मजकूर, तीच चित्रं" असं सांगितलं असतं तर मी आनंदाने वेगळे पैसे दिले असते. त्यांनी विचारलंच नाही.

ताई, तुम्ही पीडीएफ फुकट देता का? देत असाल तर आधी ते थांबवा.

---

शाईवाली

देते हो. सगळेच मागतात, "ताई तेवढं मोबाइलवर पाठवा ना". आत्तापर्यंत त्याला कधी कामात धरलंच नाही, खरं तर वेळ सगळा त्यातच जातो.

फाँटचं पण सांगा कुणीतरी. आमचं सगळं जुन्या फाँटवर आहे, पेजमेकर आणि जुनं कोरल. लोकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर तिथे टाकला की नुसती प्रश्नचिन्हं आणि चौकोन येतात, मग मी सगळं परत टाइप करते.

---

अक्षरजुळारी

हे सोडा आधी, बाकी सगळं नंतर! पेजमेकरला युनिकोड (मोबाइलवरचं मराठी ज्यात टाइप होतं ते) कळतच नाही, त्यामुळे तुम्ही गिऱ्हाइकाने एकदा टाइप केलेलं दुसऱ्यांदा टाइप करता आणि त्यात नव्या चुका शिरतात, मग प्रूफं वाढतात. युनिकोड चालणारं सॉफ्टवेअर घ्या, इंकस्केप आणि स्क्रायबस फुकट आहेत, कोरलची नवी आवृत्ती पण चालते. जुन्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्ट झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घालाच, "सूर्य", "कार्य", "वऱ्हाड" इथे हमखास गडबड होते. फाँट म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त, बालू फुकट आहेत, छपाईलाही चालतात. ल आणि श चं म्हणाल तर काही फाँटमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की आपले ल, श येतात, ते तपासून बघा.

सगळ्या जुन्या फाइली एकदम बदलायला बसू नका मात्र. नवीन काम नव्यात, जुनं गिऱ्हाईक परत आलं की तेवढीच फाइल बदलायची.

आणि मजकूर घ्यायला एक फॉर्म करा ना, कागदावरच. वराचं नाव, वधूचं नाव, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक कोणत्या क्रमाने, किलबिल. घरातल्या एकाच माणसाने भरायचा आणि सही करायची. नात्यातला वाद त्यांच्या घरात मिटतो, तुमच्या प्रूफावर येत नाही. दोन प्रूफं दरात, तिसऱ्यापासून वेगळे पैसे.

---

जुना_कंपोझिटर

सहीचं अगदी खरं. आमच्याकडे प्रूफावर "छापण्यास हरकत नाही" लिहून घेतल्याशिवाय फर्मा (जुळवलेलं पान) मशीनवर जात नसे. व्हॉट्सअॅप आल्यापासून ही शिस्त गेली. पुन्हा आणा.

---

प्रचारपत्रक

निवडणुकीचं काम घेता का ताई? आम्ही 2024 च्या विधानसभेला घेतलं होतं, 20 नोव्हेंबरच्या मतदानाच्या आधीचे पंधरा दिवस झोप नव्हती पण पैसे रोख आगाऊ. फक्त नियम कडक पाळा, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 127ए, पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, प्रकाशकाचं दोन प्रतींत घोषणापत्र, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापल्यावर प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. नाही पाळलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. घाईत कार्यकर्ते म्हणतात "नाव टाकू नका", ऐकायचं नाही.

---

शाईवाली

निवडणुकीचं आम्ही घेत नाही, गावात दोन्हीकडचे लोक ओळखीचे, आणि आत्ताच्या अवस्थेत ते नकोच. पण माहितीबद्दल आभार.

चार-पाच दिवस सगळं वाचून नवऱ्याबरोबर आणि सासऱ्यांबरोबर बसले. काय ठरलं ते लिहिते.

मग-टीशर्ट, फ्लेक्स, रील हे या वर्षी नाही म्हणजे नाही. भाच्याला तसं सांगितलं, तो जरा नाराज झाला पण मग त्यालाच म्हटलं तू युनिकोडचं बसवून दे आणि मला शिकव, तर रविवारी येऊन बसवून गेला. डिजिटल शीट बाहेरून, कटिंग-क्रीझिंग आपल्याकडे. पत्रिकेचा फॉर्म केला, मावशींनी त्यात "मुलीचं माहेरचं नाव" आणि "पहिली पत्रिका कुणाला, हळद-कुंकू लावून हवी का" असे दोन रकाने सुचवले, जे मला सुचलेच नसते. पीडीएफचे वेगळे पैसे, दरपत्रकात लिहूनच टाकले. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं का वाढवले, मी सांगितलं मजकूर मी स्वतः तपासून देते, चूक राहणार नाही, तर हो म्हणाले. दुकानाचा नंबर वेगळा झालाय. रात्री साडेआठला फोन ड्रॉवरमध्ये. पहिले दोन दिवस हात शिवशिवत होता.

स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल बंद करतोय. त्यात नवऱ्याचा अर्धा दिवस जायचा, थिनरचा वास डोक्यात जायचा आणि हातात काही उरायचं नाही, तरी "चालू आहे म्हणून चालू" असं होतं. सोडायचं ठरल्यावर सगळ्यात हलकं त्यालाच वाटलं.

आता एकच अडलंय, ट्रेडल. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार आहे, जागा मोकळी होईल. सासरे काही बोलत नाहीत पण रोज जाऊन पुसून ठेवतात.

---

नाशिककर_डिजिटल

ट्रेडल विकू नका!!! भावनेसाठी नाही सांगत. नंबरिंग, परफोरेशन (फाडायला भोकांची रेघ), क्रीझिंग, डाय पंचिंग (साच्याने आकार कापणं), हे सगळं ट्रेडलवर होतं. शीट बाहेरून काढणार म्हणालात ना, मग पत्रिकेची घडी पडायची रेघ, पाकिटाची डाय, पावतीपुस्तकाचं परफोरेशन आणि नंबर हे काम आसपासच्या डिजिटलवाल्यांकडे नसतं, ते तुमच्याकडे येईल. माझ्याकडे ट्रेडल नाही, मी बाहेर पाठवतो आणि आठवडाभर थांबतो. स्क्रीनचं टेबल काढलंत की जागा झालीच.

---

जुना_कंपोझिटर

आणि पावतीपुस्तकं अजून खूप लागतात ताई. गणपती मंडळं, देवस्थानं, पतपेढ्या, भिशी. नंबरिंगचे ठोकळे आहेत का बघा, गंजले असतील तर रॉकेल नाही तर डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेवा, मग ब्रशने साफ करून हलकं तेल. आकड्यांची चाकं जोर लावून फिरवायची नाहीत.

---

शाईवाली

ठोकळे सापडले, सासऱ्यांनी कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेले, सहा आकड्यांचे. दोन अडकलेत, डिझेलमध्ये टाकलेत. भंगारवाल्याला नाही सांगितलं.

@नाशिककर दादा, कराडच्या त्या डिजिटलवाल्याला क्रीझिंगचं विचारलं, तो म्हणाला सोमवारीच चारशे नगांचं काम आहे, दर काय लावता. एका नगाला कसा धरतात, का हजारी सांगायचा? मेकरेडी (छपाईआधी मशीन जुळवून घेण्याचं काम) वेगळी लावतात का?

---

नाशिककर_डिजिटल

हजारीच सांगा, आणि हजाराच्या आत असेल तर किमान एक ठरावीक रक्कम, मेकरेडी त्यातच धरून. वेगळी सांगितली की घासाघीस होते. 300 जीएसएम असेल तर रेघ कागदाच्या धाग्याच्या दिशेने पडतेय ना ते आधी विचारा, आडवी पडली तर घडीवर शाई फुटते आणि दोष तुमच्यावर येतो. दोन-चार जादा शीट आधीच मागून घ्या सेटिंगला. माझा दर तुमच्या विपुत (विचारपुशीत) टाकतो.